चौथ्या पानाची चौकट

मित्रांनो, चौकट म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर दार येते, नाहीतर भिंतीवरचा फोटो. मी त्यातली नव्हे. मी लोखंडाची आहे आणि अशी वजनदार, की तुमच्यापैकी दोघांनी मला उचलायचे ठरवले तर तिसऱ्याला हाक मारावी लागेल. एका साप्ताहिकाचे चौथे पान माझ्यात बसवले जायचे. तीस वर्षे मी तेच काम केले. ते साप्ताहिक आता निघत नाही. पण बुधवार आला की मला अजून वाटते, आता कोणीतरी येईल, मला फडक्याने पुसेल आणि दगडी टेबलावर आडवी करील. कोणी येत नाही. जुनी सवय, दुसरे काय!

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. आम्ही चौघी बहिणी एकाच दिवशी ओतल्या गेलो, चार पानांच्या चौघी. तेव्हा तुमचे संगणक नव्हते. एकेक अक्षर शिशाच्या छोट्या खिळ्यावर असायचे. ते खिळे लाकडी खणांत भरून ठेवलेले असत. जुळारी ते एकेक करून उचलायचा, शब्द जुळवायचा, शब्दांच्या ओळी करायचा. त्या ओळी आमच्या पोटात रचायच्या, कडेने पाचरी ठोकून घट्ट आवळायच्या, आणि मग आम्हाला मशीनवर चढवायचे. पाचर सैल राहिली तर अख्खे पान जमिनीवर सांडायचे. तसे एकदा झाले होते. त्या दिवशी छापखान्यात जे शब्द मी ऐकले, ते लहान मुलांना सांगण्यासारखे नाहीत.

पहिल्या पानाची बहीण फार तोऱ्यात असे. तिच्यात मोठ्या बातम्या. माझ्यात काय, तर ‘जुनी सायकल विकणे आहे’, ‘शिवणयंत्र दुरुस्त करून मिळेल’, ‘छत्री सापडली आहे, खूण पटवून न्यावी’. मी मनातून खट्टू व्हायची. पण गंमत सांगू? लोक पेपर हातात घेतल्यावर आधी उलटा करत आणि माझेच पान वाचत. बहिणीला हे मी कधी बोलून दाखवले नाही. म्हणजे फारसे नाही.

आमच्या छापखान्यात तीनच माणसे होती. संपादक नाकावर एक आणि कपाळावर एक असे दोन चष्मे घालून वावरत आणि तिसरा शोधत. मशीन चालवणारा आडदांड गडी होता. मशीनच्या खडखडाटात बोलून बोलून त्याला हळू बोलणे म्हणजे काय हेच आठवत नसे. त्याला सगळे तोफखाना म्हणत. आणि तिसऱ्या आमच्या काकू. काकू जुळारी होत्या. बारीक अंगाच्या, बोटे सदा काळी, आणि जीभ अशी धारदार, की संपादकसुद्धा लेख द्यायला येताना दारात जरा घुटमळत.

“हे काय लिहिलंय?” काकू विचारायच्या. “एका वाक्यात चार वेळा ‘परंतु’? माझ्याकडे काय परंतुंचा डोंगर आहे?”

संपादक निमूटपणे दोन परंतु काढून द्यायचे.

काकूंना एकच मुलगी. तिला घरीदारी ठकी म्हणत. वडील लवकर गेल्यामुळे दोघीच एकमेकींना, आणि दोघी सारख्याच हट्टी. आमच्या गावातून एक रुंद नदी जाते, नदीवर पूल आहे. ठकीने पलीकडच्या शाळेतल्या एका मास्तरांशी लग्न ठरवले. काकूंना तो मुलगा पसंत नव्हता. का पसंत नव्हता, ते त्यांना स्वतःलाही धड सांगता येत नव्हते, त्यामुळे भांडण जास्तच पेटले. शेवटी काकूंच्या तोंडून निघून गेले, “पूल ओलांडलास तर या घराचा उंबरा विसर!” ठकीने ट्रंक उचलली आणि पूल ओलांडला. आठ महिने दोघींपैकी कोणी कोणाकडे गेले नाही. चालत वीस मिनिटांचा रस्ता, मित्रांनो.

नवव्या महिन्यात लढाई सुरू झाली.

ही लढाई बाहेरच्यांशी नव्हती. आमच्याच माणसांची आमच्याच माणसांशी होती. अलीकडचे आणि पलीकडचे. काल एका बाकावर बसून चहा पिणारी माणसे आज एकमेकांची नावे हळू आवाजात घेऊ लागली. कोण बरोबर, कोण चूक, हे मला विचारू नका. पहिल्या पानाच्या बहिणीत ते सगळे छापून यायचे आणि तिलाही शेवटपर्यंत उमगले नाही. पुलावर वाळूची पोती आली. टपाल बंद झाले, फोनच्या तारा तुटल्या. ज्यांची माणसे पलीकडे होती त्यांचा जीव टांगणीला लागला.

पुलावरून आठवड्यातून एकच गाडी जाई. दर गुरुवारी सकाळी, रुग्णालयाची, पांढरे निशाण लावून. औषधाच्या भरलेल्या बाटल्या घेऊन जायची आणि रिकाम्या बाटल्या घेऊन दुपारी चारला परत यायची. बाटल्या फुटू नयेत म्हणून त्या कागदात गुंडाळत. संपादकांच्या डोक्यात कल्पना आली. ते लष्कराच्या कचेरीत चार वेळा खेटे घालून आले. अधिकारी म्हणाला, बातम्यांचा एकही शब्द पलीकडे जाता कामा नये, पण चौथे पान खासगी जाहिरातींचे आहे, तेवढे एक पान बाटल्यांना गुंडाळायला चालेल. नावे मात्र घालायची नाहीत.

आणि माझे दिवस पालटले. सायकली आणि शिवणयंत्रे गेली. माझ्यात ‘निरोप’ येऊ लागले. प्रत्येकाला तीन ओळी. नावे नसल्यामुळे लोक घरातल्या खुणा लिहीत. ‘बगळ्यास. आजोबा आता जिना चढतात. काळजी नको. मोठी वहिनी.’ ‘लाडोबास. मांजरीला तीन पिल्ले झाली. एक तुझ्यासाठी ठेवले आहे. बाबा.’ पलीकडचे लोक औषधाच्या बाटल्यांवरचे कागद सोडवून सरळ करत, भिंतीवर लावत आणि आपले माणूस शोधत. उत्तर चिठोऱ्यावर लिहून रिकाम्या बाटलीत सरकवत. गुरुवारी दुपारी काकू केसातला आकडा घालून ती चिठोरी बाहेर काढायच्या. सगळा रस्ता दारात उभा असायचा.

काकूंनी एक नियम घातला. उत्तर येईपर्यंत निरोप हलवायचा नाही. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच ओळींत तो छापायचा, म्हणजे पलीकडच्याला शोधावा लागणार नाही. उत्तर आले की काकू पाचरी सैल करायच्या, त्या तीन ओळी उचलायच्या आणि खिळे परत खणांत टाकायच्या. “सुटला गं बाई एक,” असे म्हणायच्या. तो आवाज मला फार आवडे.

पण एकदा बेकरीवाला वारला. त्याचा निरोप भावासाठी होता, उत्तर आलेच नव्हते. आता कोणाच्या नावाने छापणार? काकूंनी तो उतरवला. पुढच्या गुरुवारी बाटलीत चिठोरे आले, ‘दादा गेला, समजले.’ तेव्हापासून दोन्ही काठांवर सगळ्यांना माहीत झाले. उत्तर न देता निरोप निघाला, तर निरोप धाडणारे माणूस गेले.

वर्षभर काकूंनी दुसऱ्यांचे निरोप जुळवले. स्वतःचा नाही. संपादकांनी एकदा हळूच विषय काढला. “काकू, तुमचा एखादा...”

“माझं कोण आहे तिकडं?” काकू म्हणाल्या आणि त्यांच्या हातून खिळा खाली पडला. त्यांच्या हातून खिळा पडलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता.

मग एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना त्यांनी तीन ओळी जुळवल्या. आधी जुळवले, ‘तू चुकलीस, तरी दार उघडे आहे.’ बराच वेळ बघत राहिल्या. ‘तू चुकलीस’ काढून टाकले. मग ‘तरी’ काढले. शेवटी उरले ते असे, ‘ठकीस. दार उघडे आहे. मी रागावलेली नाही. आई.’ तिसऱ्या स्तंभात, वरून पाचवी जागा. मग पाचर ठोकली.

त्या गुरुवारी उत्तर आले नाही. पुढच्याही नाही. काकू आकड्याने शेवटची बाटली तपासायच्या, बाटली उलटी करून आपटायच्या, आणि म्हणायच्या, “चला, कामाला लागा.” असे चोपन्न आठवडे गेले. मी रोज त्या तीन ओळी उराशी धरून होते. लोखंडाला काळीज नसते म्हणतात. म्हणू देत.

आता मी जे सांगणार आहे ते माझ्या जिवाला फार लागलेले आहे.

त्या आठवड्यात पूल दोन तास उघडला होता, आजारी माणसांना इकडून तिकडे जाता यावे म्हणून. मध्येच कुठेतरी गोळी सुटली. पळापळ झाली, चेंगराचेंगरी झाली, आणि पूल पुन्हा बंद झाला. पाच दिवसांनी, बुधवारी दुपारी, कुलपे दुरुस्त करणारा एक माणूस आमच्या दारात आला. डोक्याला पट्टी होती. आताच रुग्णालयातून उठून आला होता.

“माझी पोरगी,” तो म्हणाला. “सहा वर्षांची आहे. हात सुटला हो. लाल स्वेटर आहे अंगात. ती तिकडं राहिली का... काहीच कळत नाही. उद्याच्या गाडीत छापून जाईल ना?”

पान तयार होते. साठ निरोप, मुंगी शिरायलाही जागा नव्हती. संपादकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, नाकावरचा कपाळावर ढकलला.

“अक्षर बारीक करू या का?”

“याहून बारीक खिळे नाहीत आपल्याकडं,” काकू म्हणाल्या.

“वरचं साप्ताहिकाचं नाव काढलं तर?”

“ते गेल्या महिन्यातच काढलं. कडेच्या रेघासुद्धा काढल्यात.”

“दोन पानं पाठवा की!” तोफखाना ओरडला. म्हणजे बोलला.

“एकाच पानाची परवानगी आहे. दुसरं दिसलं की हेही बंद करतील.”

मित्रांनो, त्या वेळी मला माझ्या लोखंडाचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नाही. बोटभर रुंद होता आले असते तर! पण मी जशी ओतली गेले तशीच राहणार. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी काही करू शकत नव्हते.

काकूंनी पाचर सैल करायची किल्ली उचलली. तिसरा स्तंभ, वरून पाचवी जागा.

“काकू, नको,” संपादक म्हणाले. “निरोप निघाला की तिकडे काय समजतात, माहीत आहे ना?”

“वाचत असेल तर समजेल ना!” काकूंचा आवाज चढला. “चोपन्न आठवडे झाले. वाचत असती तर एक चिठोरं तरी पाठवलं असतं. माझीच लेक आहे, मला माहितीय तिचा हट्ट. आणि एका आठवड्यात काय आभाळ कोसळतंय? हे पोर सहा वर्षांचं आहे. पुढच्या बुधवारी लावीन माझा परत.”

त्यांनी तीन ओळी उचलल्या आणि बाजूला ठेवल्या. त्या जागी जुळवले, ‘लाल स्वेटर, वय सहा. पुलावर हात सुटला. बाबा इकडे सुखरूप आहेत.’ कुलूपवाला हात जोडून उभा होता. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, काकू, थांबा. पण चौकटीला तोंड कुठले?

गुरुवारी सकाळी गाडी गेली. दुपारी चारला परत आली, आणि गाडीतून लाल स्वेटर खाली उतरला.

काय सांगू तुम्हाला! कुलूपवाला रस्त्यातच मटकन बसला. पोरगी त्याच्या पट्टीवर बोट ठेवून “दुखतं?” म्हणून विचारत होती आणि तो हसत होता, रडत होता. तोफखान्याने अशी आरोळी ठोकली, की समोरच्या घराच्या खिडक्या बंद झाल्या, लोकांना वाटले पुन्हा सुरू झाले. पुलावर चुकलेली सगळी मुले पलीकडच्या शाळेत ठेवली होती. शाळेतल्या बाईंनी पान वाचले आणि तासाभरात मुलीला गाडीत बसवले. तिच्या स्वेटरला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती.

काकूंनी ती चिठ्ठी काढली. पहिल्या ओळीतले अक्षर ओळखताच त्या खाली बसल्या. संपादकांनी चिठ्ठी त्यांच्या हातून घेऊन मोठ्याने वाचली, म्हणून मला ती पाठ आहे.

‘मुलगी सुखरूप आहे. रात्री दिवा लागतो, नाहीतर घाबरते. दूध गार लागते. या निरोपाच्या जागी चोपन्न आठवडे माझ्या आईचा निरोप होता. तो निघाला, म्हणजे आई गेली. शेवटी तिच्याजवळ कोण होते, तिला त्रास झाला का, एवढे कृपा करून कळवावे. बोटीचा परवाना तीनदा आला होता आणि आई इथे आहे म्हणून मी तीनदा परत केला. आता थांबण्यासारखे काही उरले नाही. शनिवारी सकाळच्या बोटीने आम्ही दूर जात आहोत. ठकी.’

 

“वाचत होती,” काकू म्हणाल्या. “वाचत होती रे ती.”

मग त्यांनी त्या मुलीला जवळ ओढले. “बाळ, त्या बाई... काय म्हणाल्या तुला?”

“बाईंनी बाटलीचा कागद सरळ केला,” मुलगी म्हणाली. “मग पाठीमागूनपण बघितला. मग खूप रडल्या. त्यांच्या ट्रंकेत असे खूप खूप कागद आहेत. मी विचारलं, हे काय आहे? तर म्हणाल्या, आईची पत्रं. मी म्हटलं, तुम्ही आईला पत्र पाठवलं का? तर म्हणाल्या, दर आठवड्याला म्हणायचे, पुढच्या आठवड्यात लिहीन.”

काकू उठल्या. एका पायात चप्पल, दुसरी तशीच टेबलाखाली, अशा त्या पुलाकडे निघाल्या. संपादक मागे धावले. पुलावरच्या अधिकाऱ्याने ऐकून घेतले, तो वाईट माणूस नव्हता, पण म्हणाला, “गाडी गुरुवारी. त्याआधी माशीसुद्धा जाणार नाही.” आज गुरुवार, बोट शनिवारी. काकूंनी त्याच्या टेबलावर दोन्ही काळे हात ठेवून विनवले. त्याने पुन्हा तेच सांगितले.

आमचे साप्ताहिक बुधवारी छापले जाई. इतक्या वर्षांत दुसरा वार कधी पाहिला नव्हता. त्या आठवड्यात मात्र मला शुक्रवारी सकाळी टेबलावर घेतले. तोफखान्याने मथळ्याचे सगळ्यांत मोठे लाकडी ठसे काढून आणले, एकेक अक्षर तळहाताएवढे.

“हे लावा, काकू! पलीकडच्या काठावरून दिसेल असं छापू. अख्ख्या पानावर!”

काकूंनी ते ठसे हातात घेतले. माझ्याकडे बघितले. माझ्यात एकोणसाठ जणांचे निरोप होते.

“आणि हे सगळे काढू?” त्या म्हणाल्या. “एकीची आई जिवंत करायला एकोणसाठ घरांत रडारड करू?”

त्यांनी लाकडी ठसे परत दिले. लाल स्वेटरची जागा आता मोकळी होती. त्याच जागी, त्याच बारीक अक्षरात त्यांनी जुळवले, ‘ठकीस. मी आहे. निरोप काढला ही माझी चूक. आई.’ छापलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन तोफखाना पुलावर गेला, आणि गठ्ठ्यासकट परत आला.

शनिवारी सकाळी उजाडल्याबरोबर तो पुन्हा गेला, आज रिकाम्या हाताने. पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभा राहिला आणि त्याने छाती भरून हाक मारली, “ठकी! आई आहे गं! ठकी, आई आहे!”

शिपायांनी बंदुका रोखल्या. तो थांबला नाही. छापखाना पुलापासून दोन गल्ल्या आत, तरी मला तो आवाज ऐकू येत होता. काकू टेबलाला धरून उभ्या होत्या आणि ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणत होत्या. एका शिपायाने बंदूक खाली केली. त्याने तोफखान्याला आपल्या बाटलीतले पाणी दिले आणि म्हणाला, “जरा उजवीकडं सरका, वारा तिकडनं आहे.” बोटीचा भोंगा वाजेपर्यंत तो ओरडत होता. त्यानंतर त्याचा घसा बसला तो बसलाच. पुढे आयुष्यभर तो घोगरा बोलला.

नदी रुंद आहे. हाक पलीकडे पोचली की नाही, कोणालाच सांगता येईना. पुढच्या गुरुवारी गाडीवाला आमचे पान घेऊन शाळेत गेला. ठकी शनिवारीच गेली होती. कुठे गेली, शाळेत कोणाला नक्की ठाऊक नव्हते. त्याने ते पान शाळेच्या दारावर चिकटवले आणि परत आला.

दोन वर्षांनी लढाई थांबली. पूल उघडला, माणसे धावत एकमेकांना भेटली. काकू एकेक निरोप सोडवत होत्या, “सुटला गं बाई एक, सुटला गं बाई एक.” बघता बघता मी रिकामी झाले. पुन्हा सायकली आल्या, शिवणयंत्रे आली. साप्ताहिकाचे कौतुक झाले, बाहेरून माणसे आली, पहिल्या पानाच्या बहिणीबरोबर संपादकांचा फोटो काढला. माझ्याकडे कोणी वळले नाही. पण तिसऱ्या स्तंभातली पाचवी जागा कोणी मागितली नाही, आणि काकूंनी दिलीही नसती. एक बाई एकदा तक्रार घेऊन आली, की जाहिरातींच्या मध्ये हे काय सतरा वेळा तेच तेच? संपादकांनी दोन्ही चष्मे काढून ठेवले आणि तिला शांतपणे सांगितले, “बाई, आमचा पेपर त्यासाठीच निघतो.”

दर आठवड्याला काकू दोन-चार अंक टपालाने पाठवायच्या. जिथे जिथे बोटी लागतात, त्या त्या बंदरांच्या टपाल कचेऱ्यांत. पाकिटावर नुसते ‘ठकीस मिळावे’. बरेचसे परत यायचे. काकू म्हाताऱ्या झाल्या, डोळ्यांना दिसेनासे झाले, तरी बुधवारी येऊन बोटांनी त्या तीन ओळी चाचपून बघायच्या. झिजलेला खिळा त्यांना स्पर्शाने कळायचा, तो बदलायच्या. एका बुधवारी त्या आल्या नाहीत. दुपारी शेजाऱ्यांकडून निरोप आला, चार शब्दांचा. काकू झोपेतच गेल्या होत्या.

संपादकांनी किल्ली उचलली, पुन्हा खाली ठेवली. नियम काकूंचाच होता, धाडणारे माणूस गेले की निरोप उतरवायचा.

“तू काढ,” ते तोफखान्याला म्हणाले. “माझ्याच्यानं होत नाही.”

तोफखाना माझ्यासमोर उभा राहिला. मोठा आडदांड गडी, पण खांदे गदगदत होते. “नाही काढायचा,” तो त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला. “तिला एकदा सांगितलं ना आपण, आई गेली म्हणून. आई असताना. आता पुन्हा कशाला सांगायचं?”

आणि त्यांनी तो तसाच छापला. त्यानंतर सहा वर्षे, साप्ताहिक बंद पडेपर्यंत, दर आठवड्याला. नवी यंत्रे आली तेव्हा शिशाचे खिळे भंगारात गेले, माझ्या बहिणी वितळवल्या गेल्या. मला तोफखान्याने त्या तीन ओळींसकट गोणपाटात गुंडाळून घरी आणले. त्याच्या खिडकीशी मी उभी आहे. ‘मी आहे’ हे दोन शब्द माझ्यात आहेत आणि ते खरे नाहीत, हे मला ठाऊक आहे. आम्ही छापखान्यातली माणसे खोटे छापत नाही. पण हे एवढे एक मी निभावून नेते.

खिळ्यांवरची अक्षरे उलटी असतात, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटते ही काहीतरी नक्षी आहे. ठकी आली तर तिला वाचता येतील. ती लहानपणी आईच्या पायाशी खणांजवळ बसून वाचायला शिकली, उलटी अक्षरे आधी आणि सुलटी नंतर. आता तीही म्हातारी झाली असेल. मी वाट बघते आहे. मला दुसरे काही येत नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, मला जपून ठेवा, असे मी तुम्हाला म्हणणार नाही. माझे काय, मी लोखंडाची आहे. पण तुमच्याकडे कोणाचा निरोप आलेला असेल, आणि रागाने म्हणा, लाजेने म्हणा, तुम्ही तो पुढच्या आठवड्यासाठी ठेवला असेल, तर आज उत्तर लिहा. फार काही सुचायला लागत नाही. आणि जागा म्हणाल तर तीन ओळींची पुरते. एवढे मी नक्की सांगू शकते.